बांधलेलं उघडायचं नाही

१४ जून

दादा,

वर 'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात चालेना. ते राहू दे. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि तुझ्या बोटीवरची रेंज नेमकी तेव्हाच जाते, म्हणून कागदावर लिहितेय. कंपनीच्या पत्त्यावर टाकलं की पुढच्या बंदरात हातात पडतं, असं तूच मागे म्हणाला होतास.

बाबा बरे आहेत. म्हणजे जेवतात, दाढी करून घेतात. विसरणं वाढलंय. परवा मला म्हणाले, "बाई, तुमची गाडी संध्याकाळी मिळेल." मी म्हटलं, "चालेल, घाई नाही." आई गेल्याचं रोज नव्याने सांगणं मी सोडून दिलंय. बाजारात गेलीय म्हणते. तेवढ्यावर त्यांचं भागतं.

बातमी आहे ती गाडीची. आपल्या जुन्या गाडीचं इंजिन गेलं. ब्लॉकलाच तडा गेला, तेलात पाणी उतरलं. तू म्हणशील, गेलं तर गेलं, खटारा तो. पण तुला माहीत नाही, ती गाडी आता आपल्या घरातलं औषध आहे. बाबा बिथरले की मी त्यांना पुढच्या सीटवर बसवायचे, पट्टा लावायचे आणि गावाबाहेरच्या रस्त्याने एक फेरी मारून आणायचे. इंजिनचा तो खडखडाट सुरू झाला की माणूस हळूहळू जागेवर यायचा. परतताना कधीकधी मला गॅरेजातल्या नावाने, 'पक्कड' म्हणून हाक मारायचे. तुझीही चौकशी करायचे, "आपला फ्यूज कुठंय, परत उडाला का?" असं. ते ऐकून मला हसू यायचं, आणि घरी येईपर्यंत मला वडील असायचे.

तसलं इंजिन आता कुठे मिळत नाही. भंगारवाल्याकडे एका ठोकलेल्या नव्या गाडीचं इंजिन आहे, कॉम्प्युटरवालं. इंजिन ठणठणीत, पण बाहेर काढताना त्या गाढवाने सगळ्या वायरी सपासप कापल्यात. म्हणजे वायरींचं अख्खं जाळं, हार्नेस, पहिल्या पिनेपासून शेवटच्या फ्यूजपर्यंत, नव्याने बनवायचं. मी बनवणार आहे, बाबांच्या गॅरेजात.

वृद्धाश्रमाच्या बाईंचा फोन आला होता. मला न विचारता तू बाबांचं नाव घातलंस. ऑगस्टअखेर एक खाट रिकामी होतेय म्हणे. मी त्यांना थांबायला सांगितलंय. गाडी सुरू झाली, तर बाबा घरी राहतील. नाही झाली, तर तू म्हणशील तसं करू. हे मी लिहून देतेय, मग पलटलीस म्हणू नकोस.

अक्षर वाकडं आलंय, कारण मनगटाला पट्टी आहे. बॉनेट पडलं हातावर.

पक्कड

२ जुलै

दादा,

चार ओळींचं का होईना, तुझं उत्तर आलं. त्यातल्या तीन ओळी 'तुला झेपणार नाही, उगाच हट्ट करू नकोस' यात खर्ची घातल्यास. बोटीवरून शेळ्या हाकायचं बंद कर. इथे येऊन एक आठवडा बाबांना आंघोळ घाल, मग माझं काय झेपतं त्यावर बोलू.

इंजिन बसलं. समोरच्या वेल्डरने त्याला बसायला नवे पाय करून दिले. मग मी सुतळी घेतली. प्रत्येक सेन्सरपासून फ्यूजच्या डब्यापर्यंत, तिथून पुढच्या पत्र्यातल्या भोकातून आत, डॅशबोर्डमागे कॉम्प्युटर बसवलाय तिथपर्यंत, जशी वायर जाईल तशी वळणं घेत सुतळी नेली. एक्झॉस्टपासून चार बोटं लांब, पंख्यापासून दूर, आणि इंजिन हलतं तिथे वीतभर ढील. बाबा शिकवायचे ना, "वायर ताणून बसवली की ती पहिल्या खड्ड्यातच शिव्या देते."

मग आपली ती फळी काढली. आपण दोघं शिकलो तीच. तिच्यावर बाबांच्या खिळ्यांची जुनी भोकं आहेत, आणि कोपऱ्यात तू सोल्डरिंगने जाळलेला डाग आहे. तिच्यावर खिळे मारून मी सगळा मार्ग आखला, आणि आता एकेक वायर टाकतेय. सध्या फळी एखाद्या झाडासारखी दिसतेय. बुंधा कॉम्प्युटरकडे आणि फांद्या इंजिनकडे.

एका गोष्टीने मात्र घाम फोडला. आपल्या जुन्या गाड्यांमध्ये काळी वायर म्हणजे अर्थिंगची आणि अर्थिंग म्हणजे गाडीची बॉडी. दिसेल त्या बोल्टला आवळा, काम झालं. ह्या इंजिनात तसं चालत नाही. सेन्सरच्या अर्थिंगच्या वायरी वेगळ्या, थेट कॉम्प्युटरपर्यंत न्यायच्या, वाटेत बॉडीला शिवू द्यायच्या नाहीत. शिवल्या की कॉम्प्युटरला भलतेच आकडे दिसायला लागतात. त्या वायरी वेगळ्या रंगाच्या घ्यायला हव्या होत्या. पण माझ्याकडे बारीक वायरीचं काळंच रीळ शिल्लक होतं, मी तेच वापरलं. मला कळतंय ना कुठली कुठली आहे, मग झालं.

बाबा शेजारी स्टुलावर बसून बघतात. गाडी बंद पडल्यापासून संध्याकाळी फार वाईट जातं. काय काय होतं ते लिहीत नाही.

पक्कड

२१ जुलै

दादा,

आज चांगलं सांगते आणि वाईटही. वाईट आधी.

बॉनेट पडलं नव्हतं. बाबांनी मनगट पिरगाळलं होतं. त्यांना वाटलं, मी त्यांची हत्यारं चोरतेय. आणि गेल्या आठवड्यात ते घरातून निघून गेले. शेजारच्या शिवणवाल्या मावशींना चौकात सापडले. सिग्नलचा खोका उघडायला बघत होते. मावशींना म्हणाले, "लूज कनेक्शन आहे, दोन मिनिटांचं काम." लोक हसत होते म्हणे. मावशी त्यांना हाताला धरून घेऊन आल्या, आणि मी त्यांच्यासमोर हसले. मग मोरीत जाऊन रडले.

तेव्हापासून गॅरेजचं शटर खाली असतं.

आता चांगलं. काल मला रिले आणायला भंगारवाल्याकडे जायचं होतं. वायरी सगळ्या टाकून झाल्या होत्या, टोकांना पिना लागल्या होत्या, फक्त बांधायचं राहिलं होतं. मी बाबांच्या हातात मेणाच्या दोऱ्याचं बंडल दिलं, एवढंच. वेळ जाईल त्यांचा, म्हणून. परत आले तर दादा, अख्खं हार्नेस बांधून तयार. बोटाबोटावर गाठ, प्रत्येक गाठ एका बाजूला, प्रत्येक फांदीच्या तोंडाशी दुहेरी वळसा. तू बांधायचास तसं गबाळं नाही. बाबा बांधायचे तसं. ते फळीशी उभे होते, हातावर मेण, आणि मला म्हणाले, "पक्कड, हे झालं. टेप मार."

पक्कड म्हणाले. गाडी नाही, इंजिन नाही, तरी म्हणाले. मी टेप मारली आणि त्यांना जेवायला वाढलं, तर स्वतःच्या हाताने जेवले.

तू तुझ्या त्या वृद्धाश्रमाच्या बाईंना कळवून टाक की खाट दुसऱ्या कुणाला देऊन टाका. नको, अजून नको कळवू. पण मनाची तयारी ठेव.

पक्कड

७ ऑगस्ट

दादा,

इंजिन सुरू झालं. तिसऱ्या प्रयत्नाला धरलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून नुसती बसून राहिले. इतक्या वर्षांत एवढं मोठं काम मी एकटीने केलं नव्हतं.

मग इंजिन तापलं, पंखा सुरू झाला, आणि इंजिन बंद पडलं.

परत सुरू केलं. परत पंखा, परत बंद. हेडलाइट लावले तरी तेच, आचका देतं आणि मरतं. नुसतं ठेवलं तर तासभर चालतं, पण कशालाही हात लावला की गेलं. सेन्सर बदलले. भंगारवाल्याला शिव्या घालून दुसरा कॉम्प्युटर आणला. फ्यूजचा डबा पुन्हा उघडला. प्रत्येक वायर मीटर लावून तपासली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मीटर वाजतो. म्हणजे एकही वायर तुटलेली नाही. मग घोडं अडलंय कुठे?

आता मला अक्कल चालवायची नाहीये, मला तू हवा आहेस. हे लिहिताना दात ओठ खाल्ले, पण लिहिलं. तू बोटीवर असल्याच कॉम्प्युटरवाल्या यंत्रांशी झटतोस. तुला काय वाटतं ते लगेच कळव. फोन कर. मी भांडणार नाही.

बाबांची संध्याकाळ आता दुपारी चारलाच सुरू होते. शटरवर मुठी मारतात. मी बाहेर जाते तेव्हा शटरला कुलूप घालून जाते, दादा. बाबा आत असतात. हे मी तुला सांगितलं नव्हतं. मावशींनाही कडीच लावते म्हणून सांगितलंय. त्या दिवशी भंगारवाल्याकडे गेले होते तेव्हाही कुलूपच होतं.

पक्कड

२० ऑगस्ट

दादा,

तुझा फोन आला. आपण भांडलो नाही, हे मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे. तू एकच प्रश्न विचारलास, "सेन्सरच्या काळ्या वायरी बॉडीला लागत नाहीत ना?" मी म्हटलं, "शक्यच नाही. मी स्वतः वेगळ्या नेल्यात." तू म्हणालास, "मध्ये कुठे उघडून बघितलंस?" मध्ये मी बघितलंच नव्हतं.

का बघितलं नव्हतं ते तुला सांगायला नको. आपल्या गॅरेजचा कायदा. तपासल्याशिवाय दोरा बांधायचा नाही, आणि बांधलेलं दुसऱ्याने उघडायचं नाही. लहानपणी तू बाबांची एक गाठ उघडून पाहिलीस, तर ते दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. गाठ म्हणजे त्यांचा शब्द. मी सगळी गाडी उसवली, पण तेवढं सोडून. त्यांना आपलं नाव आठवत नाही, आई मेलेली आठवत नाही, आणि मी त्यांच्या गाठीवर विश्वास ठेवून महिना घालवला.

टेप कापली. गाठी कापल्या. बुंध्याच्या मधोमध, जिथे बाहेरून काही दिसणार नाही अशा जागी, त्यांनी माझ्या सगळ्या काळ्या वायरी तोडून एकत्र केल्या होत्या आणि बॉडीला आवळायच्या जाड वायरीला जोडल्या होत्या, म्हणून पंखा किंवा दिवे लागले की कॉम्प्युटर चळायचा. सोल्डर असं की आरशासारखं. वर नळी चढवलेली, टोकं बसवलेली. दादा, काम इतकं देखणं होतं. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं, काळ्या वायरी दिसल्या की एकत्र करून बॉडीला. पोरीने अर्धवट सोडलंय, असं वाटलं असेल. आणि त्यांनी माझं काम पुरं करून दिलं.

मी कुलूप लावून गेले होते तेव्हा. काळं रीळ वापरलं ते मी. दोरा हातात दिला तो मी. पण ओरडले कुणावर, तर त्यांच्यावर. ते कापलेलं वायरींचं भेंडोळं त्यांच्या नाकासमोर नाचवलं आणि ओरडले, "हे काय केलंत? माझा महिना गेला, माझं सगळं गेलं." काय काय बोलले ते लिहिणार नाही. ते स्टुलावरून उठून उभे राहिले, दोन्ही हात पुढे धरून, शाळेत छडी खायला धरतात तसे. म्हणाले, "बाई, चूक झाली असेल तर लगेच नीट करून देतो. मालकांना सांगू नका."

मालक ते स्वतःच होते ना. आपल्या आठवणीत दुसऱ्याच्या हाताखाली एक दिवस काढला नाही त्यांनी. आपण जन्मायच्या आधी कधी काढला असेल, कुणी छळलं असेल, मला माहीत नाही. मी त्यांचे हात खाली केले. मला स्वतःची किळस आली, दादा.

काळ्या वायरी उपटून टाकल्या आणि हिरव्या टाकल्या. फ्यूजच्या डब्यापाशी बाबांची एक गाठ होती, तिच्या आत काही चुकलं नव्हतं. तिला हात लावला नाही. बाकीचं सगळं मी पुन्हा बांधतेय.

पक्कड

२८ ऑगस्ट

दादा,

गाडी झाली. पंखा लागतो, दिवे लागतात, इंजिन बंद पडत नाही. डोंगराच्या चढावर नेऊन आणली. मी जिंकले.

काल संध्याकाळी बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि चावी फिरवली. ते वाट बघत बसले. मग म्हणाले, "लाव ना चालू." मी म्हटलं, "चालूच आहे, बाबा." त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला, कान पुढे केला. त्यांना काहीच ऐकू येईना. हे इंजिन आवाजच करत नाही. शिवणयंत्रही ह्याच्यापेक्षा जास्त बोलतं.

मी तसंच निघाले. म्हटलं, रस्त्याला लागल्यावर होतील शांत. वळणावर म्हणाले, "ही आपली नाही." मी म्हटलं, "आपलीच आहे, सीट बघा, हे तुम्हीच शिवून घेतलेलं कव्हर." त्यांनी पट्टा सोडला आणि चालत्या गाडीचं दार उघडलं. मी कशीबशी बाजूला घेतली. ते उतरले आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागले. लावलेल्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटला हात लावून बघत होते, "आपली गाडी कुठे लावली? ही पण नाही. आपली कुठे लावली?" मी त्यांच्या मागे, आणि मागे उघड्या दाराची आपली गाडी चालू, बिनआवाजाची.

एकेक वायर मापली मी. सुतळीने मापली. कुठे ढील, कुठे वळण, कुठे रबर, सगळ्याचा विचार केला. आवाजाचा केला नाही. त्यांना गाडी नको होती, तो खडखडाट हवा होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने काढून भंगारात दिला. भंगारवाल्याकडे धावत गेले. त्याने ब्लॉक कधीच वितळवायला पाठवलाय. असता तरी तडा गेलेला ब्लॉक काय बोलणार होता, डोंबल.

मी लिहून दिलं होतं की गाडी सुरू झाली तर बाबा घरी राहतील. गाडी सुरू झालीय. तू तो कागद मला दाखवणार नाहीस, मला माहीत आहे. पण आज सकाळी त्यांनी मला ओळखलं नाही म्हणून शटरवर डोकं आपटून घेतलं. त्यांच्या भुवईवर खोक पडलीय. मी आता थकले, दादा. माझ्याने होत नाही. वृद्धाश्रमाच्या बाईंना मीच फोन केला.

पक्कड

२ सप्टेंबर

दादा,

काल सोडून आले. तुला कळवायला हवं म्हणून लिहितेय.

नेलं आपल्याच गाडीतून. दुसरी कुठली आणणार? वाटेत ते शांत होते. परक्याच्या गाडीत बसल्यावर बसतात तसे, गुडघ्यांवर हात ठेवून, अवघडून. मध्ये एकदा म्हणाले, "तुम्हाला उगाच त्रास, मी चालत गेलो असतो."

फाटकाशी उतरले. मी डिकीतून त्यांची पिशवी काढली, तोवर ते गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले होते आणि बॉनेटवर दोन बोटांनी टकटक करत होते. गिऱ्हाईक आल्यावर करायचे तसं, उघडा म्हणून. मी उघडलं.

त्यांनी खिशातून चष्मा काढला. हार्नेसवरून बोटं फिरवत गेले, इंजिनपासून पत्र्यातल्या भोकापर्यंत. प्रत्येक गाठ अंगठ्याने दाबून बघितली. फ्यूजच्या डब्यापाशी त्यांची स्वतःची गाठ होती, तिच्यावर अंगठा थोडा जास्त वेळ थांबला, मग तिथूनही पुढे गेला. वृद्धाश्रमाच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना खुणेने थांबवलं.

"काम स्वच्छ आहे," बाबा म्हणाले. "कुणी केलं?"

"मी केलं."

"कुणाच्या हाताखाली शिकलात?"

"माझ्या वडिलांच्या."

"आहेत का ते?"

"आहेत."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, बॉनेट खाली केलं आणि तळहाताने दाबून बसवलं. म्हणाले, "मग त्यांना सोडू नका. असा हात आता मिळत नाही."

बाईंनी त्यांचं कोपर धरलं. ते मुकाट्याने निघाले. पायरीवर वळून मला म्हणाले, "गाडी झालीय तुमची. घेऊन जा."

खोली बरी आहे. खिडकी आहे. खाटेशेजारी मी दोऱ्याचं एक बंडल ठेवलंय, मेण त्यांनी काढून घेतलं, कपड्यांना लागतं म्हणे. तू आलास की आधी तिथे जा, मग घरी ये. ओळखतील की नाही सांगता येत नाही. 'फ्यूज' म्हणून ओळख सांगून बघ.

मी गाडीत बसले आणि चावी फिरवली. पहिल्या झटक्यात लागली. दिवे लावले, पंखा लागला, काही झालं नाही. मी फाटकाशी बराच वेळ इंजिन चालू ठेवून थांबले. एकदा बाहेर डोकावतील, निदान खिडकीत येतील, असं वाटत होतं. पण आवाज फार कमी आहे रे तिचा. आतपर्यंत गेला नसणार.

पक्कड